शिंकोबाची कुळकथा

पहिल्या अंकाला जाहिरात दिली होती शहापूरच्या साडीवाल्यानं,
रात्री साडेनवाला माणूस पाठवून परत घेतली.
पान एकवर दोन कॉलमांचा खड्डा.
ट्रेडल थांबलेलं, चौगुले मास्तर काडेपेटी शोधत होते.
"घाल कायतरी," म्हणाले, "उघडा ठेवलास तर लोक पडतील."

मी खिळे जुळवायचो. वय सतरा.
खालच्या खणात, मोडक्या वेलांट्यांच्या ढिगात
एक लाकडी ठसा सापडला.
छापून पाहिला : अर्धे मिटलेले डोळे, फुगलेल्या नाकपुड्या,
आ वासलेलं तोंड, डाव्या गालावर मस.
निपाणीच्या मोमीनशेठच्या तपकिरीच्या डबीवरचा माणूस,
ज्याचं बिल शेठनं कधी चुकतं केलं नव्हतं.
खड्ड्यात बरोब्बर बसला.
मास्तरांनी खाली ओळ दिली : "आत्ता शिंकेल."

असा जन्मला आमच्या 'चिमूट' पाक्षिकाचा शिंकोबा,
बारशाविना, उधारीवर.

पुढं त्याला टोपी आली, निवडणुकीत उपरणं,
उन्हाळ्यात बगलेला रिकामी घागर.
तोंड तेच, उंबऱ्यावर अडलेलं.
आयोग बसला : आत्ता शिंकेल.
तारीख पडली : आत्ता शिंकेल.
अनगोळहून, खानापूरहून कार्डं यायची,
"कधी शिंकतोय बे हा?
पाळण्यातलं पोरगं शाळेला जाऊलालंय."

फौजदारानं बोलावून घेतलं.
"यार री इंवा? मंत्री काय?"
"कोणी नाही साहेब. सर्दी झालीय त्याला."
फौजदार हसला नाही.
आठवड्यानं वर्गणी आली, त्याच्या बायकोच्या नावानं.

मग गोकाकहून एक कन्नड अंक हाती पडला.
मुखपृष्ठावर आमचाच बाबा, खाली गोल गोल अक्षरांत : सीनप्पा.
शिंकेला तिकडं सीनु म्हणतात,
आणि सीनप्पा तर गल्लीगल्लीत असतात.
मास्तर भांडायला निघाले, मागं मी, पुरावा काखेत.
तिथले कल्लोळीमठही पुरावा घेऊनच बसलेले.
दोन्ही अंक शेजारी ठेवले :
नाकावर तीच, केसाएवढी चीर.

ठसा एकच होता.
दर दुसऱ्या मंगळवारी कंडक्टर बसाप्पाच्या पिशवीतून
तो गोकाकला जायचा, शनिवारी परत.
तिथला कंपोझिटर माझा दोस्त.
मोबदला, पाव किलो करदंट.
मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं.
मग टेबलावरचा करदंटाचा तुकडा उचलून
बराच वेळ चावत राहिले.
त्यानंतर तो राजरोस जाऊ लागला, तिकीट काढून.

एकदा बसेस बंद पडल्या, दगड, डांबर, सगळं.
ठसा तिकडंच अडकला.
आम्ही नुसती चौकट छापली : "शिंकायला गेलाय."
तेवढा एकच अंक पुन्हा छापावा लागला.

ऑफसेट आलं. मास्तर गेले. 'चिमूट' मिटली.
ठसा माझ्याकडं, दाराला अडण म्हणून.

परवा निपाणीहून एक बाई आल्या, आक्काताई बोरगावे,
जुना अंक नऊवारीच्या घडीत.
"हे माझं मामंजी. तंबाखूच्या वखारीत तोलदार होतं.
पर मस उजवीकडं होता."
ठसा उचलून पुसला. मस उजवीकडंच.
उलटा आम्हीच छापत होतो.

"आणि शिंकत न्हवतं ते," बाई म्हणाल्या.
"पहिला तोल टाकला की एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात.
ते लाभ म्हणत्यात.
कोरणाऱ्यानं 'ला'ला धरलं बघा.
'भ'ला ओठ मिटलं असतं."

कल्लोळीमठांना कळवायला हवं होतं.
त्यांच्याकडंही पहिलं माप लाभच.
पण तेही आता नाहीत, आणि दोस्ताचा पत्ता जुना.

बाईंनी ठसा पदरात गुंडाळला,
नाकाकडची बाजू आधी.
"किती द्यायचं?" त्यांनी विचारलं.
मी तोंड उघडलं
आणि ते तसंच राहिलं.